दगडी भिंतींच्या घरात ५जीचे घरगुती इंटरनेट : साडेआठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जीवाजीगंजातल्या आमच्या जुन्या घरी गेल्या फेब्रुवारीच्या मध्यावर ५जीवर चालणारे घरगुती इंटरनेट घेतले. तार न ओढता टॉवरवरून थेट यंत्रात येणारे आणि तिथून राउटरमार्फत घरभर पोहोचणारे, असे या सेवेचे स्वरूप आहे. उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरची उघडीप असे तिन्ही काळ पाहून झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते, म्हणून हे परीक्षण इतक्या उशिरा येत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण आम्हाला आलेल्या बऱ्या-वाईट अनुभवांपैकी बहुतेकांचे मूळ ५जी या मानकाच्या घडणीत आणि आमच्या घराच्या बांधणीत आहे, आणि ते कोणाचीही जोडणी घेतली तरी फारसे बदलणार नाही.

आधी आमच्याकडे फायबर होते आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. परंतु सांडपाण्याच्या वाहिनीसाठी गल्ली खणली गेली, केबल तीनदा तुटली, आणि तिसऱ्या वेळी ती जोडायला कोणी आलेच नाही. घरात यजमानांचे हिशेबतपासणीचे काम, अकरावीतल्या मुलीचा अभ्यास, माझे भौतिकशास्त्राचे संध्याकाळचे ऑनलाइन वर्ग आणि सासूबाईंचे पुण्याच्या नणंदेशी रोजचे व्हिडिओवरचे बोलणे, एवढे सगळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीन आठवडे काढल्यावर ही सेवा घेण्याचा निर्णय झाला. योजना १०० एमबीपीएसची होती.

पहिल्या दिवशी आलेल्या मुलाने यंत्र दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवले, आपला फोन त्याला जोडून एकदा वेग मोजला, "मॅडम, सिग्नल फुल है" असे सांगितले आणि तो निघून गेला. त्या क्षणी वेग ९० च्या घरात होता हे खरे; पण संध्याकाळी वर्ग सुरू झाल्यावर तो ११ वर आला, आणि यंत्र मधल्या खोलीत नेले तर ते ५जी सोडून ४जीवरच उतरू लागले. पुढचे दोन महिने याच गोष्टीमागे गेले. त्या काळात मी जे वाचले, मोजले आणि समजून घेतले ते सविस्तर सांगते, कारण ही सेवा चांगली की वाईट याचे उत्तर त्यावाचून देता येत नाही.

'जी' म्हणजे पिढी, हे सर्वांना ठाऊक असते. पिढी कोण ठरवते हे मात्र थोड्यांना माहीत असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था नव्या पिढीकडून काय अपेक्षा आहेत ते ठरवते. त्या अपेक्षा पुऱ्या करणारे प्रत्यक्ष तांत्रिक नियम '३जीपीपी' हा १९९८ साली स्थापन झालेला मानकसंस्थांचा संयुक्त मंच लिहितो आणि ते 'रिलीज' या नावाने टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करतो. ४जीचे एलटीई हे तंत्र रिलीज ८ मध्ये आले, ५जीची सुरुवात रिलीज १५ पासून झाली. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला आणि ५जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. या सत्तावीस वर्षांत पिढ्या बदलल्या तरी मूळ प्रश्न एकच राहिला आहे. हवेतली मर्यादित जागा शेकडो लोकांत अशी वाटायची की एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात जाऊ नये. २जीच्या जीएसएमने ती वेळेनुसार वाटली, २०० किलोहर्ट्झच्या एका वाहकलहरीवर आठ जणांना आळीपाळीने. ३जीने ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सर्वांना एकाच वेळी बोलू दिले आणि प्रत्येकाला वेगळा संकेत दिला. ४जी आणि ५जी या दोघांनी पट्ट्याचे शेकडो बारीक उपवाहकांत तुकडे केले आणि दर मिलिसेकंदाला किंवा त्याहूनही कमी वेळाला कोणते तुकडे कोणाला द्यायचे हे ठरवण्याचे काम टॉवरकडे सोपवले.

मग ५जीत वेगळे काय? आमच्यासारख्या घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक पट्ट्याच्या रुंदीचा आहे. ४जीची एक वाहकलहर जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असते. ५जीत ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास ती १०० मेगाहर्ट्झपर्यंत असू शकते. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या सूत्रानुसार वाहिनीची क्षमता पट्ट्याच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण सिग्नलच्या जोरासोबत ती फक्त लॉगच्या प्रमाणात, म्हणजे फार सावकाश वाढते. रुंदी पाचपट झाली की वेगही पाचपट होऊ शकतो. जोर पाचपट केला तर मात्र हाती थोडेसेच येते. ४जीवर अनेक पट्टे जोडून वेग वाढवता येतो, परंतु आमच्या मधल्या खोलीत यंत्र ४जीवर उतरले की वेग का कोसळत होता, याचा खुलासा मुख्यतः या रुंदीतच आहे.

आता रुंद पट्टा ज्या वारंवारतेवर मिळतो तिचा स्वभाव पाहावा लागतो. ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास असते, ७०० मेगाहर्ट्झची सुमारे ४३ सेंटिमीटर. आखूड लहर भिंतीत जास्त अडकते, कोपऱ्यावरून कमी वळते. आणि भिंत मध्ये नसली तरीही एकाच प्रकारचे अँटेना वापरले तर पाचपट वारंवारतेला तेवढ्याच अंतरावर पंचवीसपट कमी शक्ती हाती लागते. आमचे घर ग्वाल्हेरी वालुकाश्माचे आहे. भिंती हातभराहून जाड, छपराला दगडी पटिया, आणि माकडांच्या उपद्रवामुळे प्रत्येक खिडकीला इंचभर भोकांची लोखंडी जाळी. त्या जाळीतून उजेड आणि वारा येतो म्हणून सिग्नलही येत असेल असे आम्ही धरून चाललो होतो. पण साडेआठ सेंटिमीटरच्या लहरीपुढे इंचभर भोके लहान पडतात, आणि अशी लोखंडी जाळी सिग्नलचा काही भाग अडवते. पहिल्या मुलाने यंत्र नेमके त्या जाळीला टेकवून ठेवले होते.

यंत्राच्या ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो, आणि शून्याकडे जितका सरकेल तितका बरा. उणे ८० चांगला, उणे १०० अशक्त, उणे ११० ला जोडणी टिकणे कठीण. मधल्या खोलीत आमचा आकडा उणे १०९ होता, छतावर उणे ८४. या मोजपट्टीवर दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते, म्हणजे २५ डेसिबलच्या फरकात छतावर तीनशेहून अधिक पट शक्ती मिळत होती. हा आकडा पाहिल्यावर मी कंपनीकडे छतावर बसवायच्या यंत्राची मागणी केली. ते योजनेत समाविष्ट असूनही मिळवण्यासाठी पाच फोन करावे लागले आणि दोनदा दिलेली वेळ चुकली. या सेवेत मला सर्वाधिक गुण इथे कापावेसे वाटतात. फोनवरचे कर्मचारी सौजन्याने बोलत होते, परंतु प्रत्येक नव्या फोनला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागत होती, आणि 'राउटर बंद करून चालू करा' या सूचनेपलीकडे जायला तीन आठवडे लागले.

छतावरचे यंत्र लावायला आलेले गृहस्थ मात्र आपल्या कामात पारंगत होते आणि त्यांचे ऋण मानावेसे वाटते. त्यांनी यंत्र आधी एका दिशेला धरले, तिथे आकडा उणे ८० आला. मला वाटले, झाले काम. पण त्यांनी मान हलवली आणि त्याच्या शेजारचा दुसरा आकडा दाखवला, ज्यात हव्या सिग्नलचे नको असलेल्या सिग्नलशी आणि गोंगाटाशी असलेले प्रमाण दिसते. तो फक्त ६ होता. त्यांनी खांब बराच फिरवून दुसऱ्या टॉवरकडे तोंड केले. तिथे जोर थोडा कमी, उणे ८४, परंतु ते प्रमाण १९. पहिली दिशा अशी होती की दोन टॉवरांचे सिग्नल एकाच वेळी येऊन एकमेकांत मिसळत होते. शॅननच्याच सूत्राने हिशेब केला तर ६ डेसिबलला दर हर्ट्झमागे सेकंदाला जेमतेम २.३ बिट मिळू शकतात आणि १९ डेसिबलला ६.३, म्हणजे पावणेतीन पट. फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या साधारणतः जोर दाखवतात, हे प्रमाण सहसा त्यांतून कळत नाही. म्हणून 'काड्या पूर्ण आहेत पण नेट चालत नाही' ही तक्रार मुळीच खोटी नसते. आपण कोणत्या सेलला, म्हणजे टॉवरच्या कोणत्या दिशेच्या क्षेत्राला, जोडलेले आहोत हे ओळखण्यासाठी ५जीत ० ते १००७ पर्यंतचा एक क्रमांक असतो. तो त्यांनी मला कागदावर लिहून दिला आणि सांगितले की वेग अचानक पडला तर आधी हा क्रमांक बदलला आहे का ते पाहा. त्यानंतर दोनदा तो खरोखरच बदललेला आढळला आणि यंत्र पुन्हा चालू केल्यावर पूर्ववत झाला.

छतावरचे यंत्र बसल्यापासूनचे माझे निरीक्षण असे आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डाउनलोडचा वेग ९५ ते १०० असतो आणि त्यात खंड पडत नाही. रात्री आठ ते अकरा या वेळेत तो ६० ते ७० पर्यंत उतरतो, कारण टॉवरच्या एका दिशेतली सारी क्षमता त्या दिशेच्या सर्व फोनांत आणि आमच्यासारख्या घरांत वाटली जाते. फायबरची तारही अनेक घरांत वाटलेली असते, परंतु तिथली घरे मोजकी आणि ठरलेली असतात. इथे चौकात जमलेल्या वरातीतले दोनशे फोनसुद्धा आपल्याच वाट्यात येतात. लग्नसराईत हे आम्ही अनुभवले. तरीही ६० चा वेग चार माणसांच्या घराला पुरेसा आहे आणि माझे वर्ग एकदाही बंद पडले नाहीत.

अपलोडची बाजू दुबळी आहे आणि ती तशीच राहणार. आमच्याकडे तो २० ते २५ च्या दरम्यान मिळतो, खिडकीत यंत्र होते तेव्हा ९ होता. ३५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येण्या-जाण्यासाठी वेगळे रस्ते नसतात, एकाच रस्त्यावरून आळीपाळीने वाहतूक सोडली जाते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका साच्यात अर्ध्या मिलिसेकंदाच्या पाच पाळ्या असतात. त्यांतल्या तीन टॉवरकडून आपल्याकडे, एक दोन्हींच्या मधल्या बदलासाठी आणि एकच आपल्याकडून टॉवरकडे. त्यात फोनसारख्या यंत्राची प्रमाणित कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट, आणि टॉवरची त्याच्या कित्येक पटींनी अधिक. म्हणून टॉवर आपल्याला ऐकू येतो पण आपण टॉवरला ऐकू जात नाही, अशी स्थिती कडेच्या घरांत उद्भवते. यजमानांना पक्षकारांच्या मोठ्या फाइली पाठवायच्या असतात, त्यांना फायबरची आठवण होते आणि ती योग्यच आहे.

विलंबाबद्दल जाहिरातींतून जे सांगितले जाते त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ५जीच्या अपेक्षांमध्ये १ मिलिसेकंदाचा उल्लेख आहे, पण तो एका विशिष्ट वापरासाठी आणि फक्त यंत्र ते टॉवर या हवेतल्या टप्प्यापुरता आहे. काचेच्या तंतूतून प्रकाशाला हजार किलोमीटर जायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. तेव्हा मुंबईतल्या सर्व्हरला निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत १० मिलिसेकंद निसर्गनियमानेच खर्च होतात, मग टॉवर कसाही असो. आम्हाला २२ ते ३० मिलिसेकंद मिळतात. व्हिडिओवरच्या बोलण्यात ते जाणवत नाही. सासूबाई आणि नणंद एकमेकींचे वाक्य तोडत नाहीत, हीच माझी कसोटी होती.

हवामानाने दोन धडे दिले. मे महिन्यात, इथला पारा ४५ च्या वर गेला तेव्हा, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान यंत्र तापून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. छतावरच्या दगडावरून उठणारी धग वेगळीच. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, टॉवरची दिशा न अडवता खांब सरकवल्यावर हा त्रास थांबला. सावलीसाठी यंत्रावर पत्रा ठोकू नये, तो लहरही अडवतो. दुसरा धडा शेजारच्या कडुनिंबाचा. खांब उभारला तेव्हा पानगळ चालू होती आणि फांद्यांतून टॉवर डोळ्यांनी दिसत होता. जुलैत झाड भरगच्च झाले आणि पाऊस पडला की ओल्या पानांमुळे आकडा पाच-सहा डेसिबलने खाली जाऊ लागला. पावसाच्या थेंबांचा ३५०० मेगाहर्ट्झवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर तो होतो. आमच्या बाबतीत दोष पाण्याने भरलेल्या पालवीचा होता. झाड तोडण्याचा प्रश्नच नव्हता. खांब चार फूट पूर्वेला नेला, निम्मे नुकसान भरून निघाले, उरलेले आम्ही मान्य केले आहे.

घराच्या आतली एक गफलत अनेकांची होते, ती इथे नोंदवते. राउटर वायफायची दोन नावे दाखवतो आणि त्यांतल्या एकाच्या शेवटी पुष्कळदा '५जी' असे लिहिलेले असते. त्या ५जीचा मोबाइलच्या पाचव्या पिढीशी काहीही संबंध नाही. ते वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दर्शवते आणि साध्या केबलवर चालणाऱ्या जुन्या राउटरवरही ते दिसू शकते. हा पट्टा वेगवान आहे, पण दगडी भिंत ओलांडत नाही. सासूबाईंच्या खोलीत आम्ही शेवटी तार नेऊन दुसरा वायफाय बसवला. कंपनीकडे तक्रार करण्याआधी मुलीने लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजला होता, म्हणून दोष टॉवरच्या बाजूला आहे की भिंतीच्या, हे आधीच कळले. ही तपासणी प्रत्येकाने करावी.

घेण्यापूर्वी जे विचारले पाहिजे त्यात माझ्या मते पहिला प्रश्न छतावरच्या यंत्राचा आहे: ते मिळेल का, आणि बसवणारा माणूस दोन्ही आकडे पाहून दिशा ठरवेल का. दुसरा, तुमच्या भागातले ५जी स्वतंत्र गाभ्यावर, म्हणजे स्वतःच्या मध्यवर्ती यंत्रणेवर, चालते की ४जीच्या आधाराने. आधाराच्या पद्धतीत यंत्राचा ताबा ४जीच्या टॉवरकडे राहतो आणि ५जी केवळ जोड म्हणून येते. तिथे काही फोन तर ५जीची जोडणी प्रत्यक्षात झालेली नसतानाही, 'इथे ५जी उपलब्ध असू शकते' एवढ्या सूचनेवर कोपऱ्यात ५जी लिहितात. तिसरा प्रश्न महिन्याच्या डेटामर्यादेचा, कारण ती संपल्यावर वेग एकदम खाली जातो. आणि घरात बाहेरून पाहता येणारे कॅमेरे असतील तर सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा घराचा स्वतंत्र क्रमांक, मिळतो का तेही विचारावे. अशा सेवांत बहुधा अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो, त्यामुळे आमच्या दाराच्या कॅमेऱ्याचे जुने ॲप बंद पडले आणि निर्मात्याच्या सर्व्हरमार्फत चालणारे दुसरे घ्यावे लागले.

विजेच्या बाबतीत सोय चांगली आहे. छतावरच्या यंत्राला वीज त्याच एका केबलमधून खालच्या अडॅप्टरवरून जाते, म्हणून इन्व्हर्टरवर दोन लहान प्लग जोडले की वीज गेल्यावरही इंटरनेट चालू राहते. जूनमध्ये सलग पाच तास वीज नव्हती, त्या दिवशीही वर्ग झाला.

फायबर ज्यांच्या दारापर्यंत येते आणि टिकते त्यांनी फायबरच ठेवावे, विशेषतः मोठ्या फाइली पाठवण्याचे काम असेल तर. आमच्यासारख्या गल्लीत, जिथे तार टिकत नाही, तिथे ही सेवा मी निःशंकपणे सुचवते, पण छतावरच्या यंत्रासहच. खिडकीत ठेवायच्या यंत्रावर जुन्या दगडी घरात पैसे घालू नयेत. किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने आमच्याकडे पाहून हीच जोडणी मागितली होती. तिच्या छतावर जाऊन आम्ही आधी फोनवर आकडे पाहिले, तर जवळच्या टॉवरच्या आड टेकडीचा उतार येत होता आणि प्रमाणाचा आकडा ४ च्या वर जाईना. तिला नको म्हणून सांगितले. आम्ही मात्र आणखी सहा महिन्यांचे शुल्क भरले आहे. येत्या पानगळीत कडुनिंब मोकळा झाला की खांब तसाच ठेवून आकडे पुन्हा मोजणार आहे.